कारंज्याची जागा

नांदूरघाट,
मंगळवार

ती. मोहनराव यांस धाकट्या साडूचा, सोमलिंगचा, शरणार्थ.

आपलं आणि सत्यशीलाताईंचं बरं चाललं असेल. गुडघा पुन्हा धरला असं ताई फोनवर म्हणाल्या. तिळाचं तेल कोमट करून चोळावं. मी ठीक आहे. स्वयंपाक मीच करतो. भाकरी अजून गोल होत नाही, पण खाणारा मी एकटाच असल्यामुळे तक्रार येत नाही. फोनवर मला चार वाक्यांपुढे बोलता येत नाही हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून पत्र लिहितो आहे.

नीला जाऊन दहा महिने झाले. आपण मातीला आला होता, आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे तिला बसवून पुरलं, तेव्हा आपली रुद्रभूमी उघडीच होती, शेळ्या समाध्यांवर चढून बसायच्या. पुढे शेजारी विद्यापीठाचं केंद्र झालं आणि त्यांची कुंपणाची भिंत बारा हात आपल्या जागेत आली. समाजाची बैठक भरली. मला वाटलं, आता भांडण होणार. पण ठरलं असं की भिंत आयती मिळते आहे, शेळ्या थांबतील, बांधू द्या. त्या कडेला तर नुसत्या जुन्या, बेवारस समाध्या आहेत. (नीला जुनी नव्हती, आणि बेवारसही नव्हती. मी मागच्या रांगेत बसून काय बोलायचं ते मनात जुळवत होतो, तेवढ्यात चहा आला आणि बैठक संपली.) अशा रीतीने नीला विद्यापीठात गेली. सातवीपुढे शिकता आलं नाही याची तिला फार खंत होती. तिच्या डाव्या हाताची जागा माझी, असं आमचं दोघांचं ठरलेलं होतं. तीही भिंतीच्या आत गेली.

आता सोमवारी बेल वाहायला जायचं तर गेटवरून जावं लागतं. तिथे सुंदरराव नावाचे पहारेकरी बसतात आणि एक रजिस्टर असतं. नाव, गाव, वेळ आणि कामाचे स्वरूप. पहिल्या सोमवारी शेवटच्या रकान्यापाशी माझं पेन अडलं. परक्यांच्या वहीत बायको कशी लिहायची? मी लिहिलं, "लॉनची पाहणी." सुंदररावांनी ते वाचलं आणि खुर्चीतून उठले. "साहेब, आधी सांगायचं न्हाई का! उन्हात उभं केलं की तुमाला." पुढच्या सोमवारी खुर्ची मिळाली. तिसऱ्या सोमवारी उद्यान समितीच्या रुचिका मॅडम (या पुण्याकडच्या, भूगोल शिकवतात) स्वतः आल्या आणि त्यांनी अभिप्रायाची वही पुढे केली. मुख्य कार्यालयाकडून लॉनचा दर्जा तपासायला कोणीतरी येणार होतं म्हणे. त्यांनी मलाच तो माणूस धरलं. मी नाही म्हणणार होतो, पण त्या फार भरभर बोलतात.

आता तीस वर्षं बी-बियाणं आणि खताचं दुकान चालवलं, तेव्हा गवत थोडंफार कळतं. कडा करपल्या होत्या म्हणून लिहिलं, युरिया जास्त पडला आहे. दोन आठवड्यांत कडा हिरव्या. मेंदीचं कुंपण वाकडं कापलं होतं, लिहिलं, दोरी लावून कापावं. कापलं. शोभेच्या अशोकाखाली पोरांना सावली मिळत नाही, कडुनिंब लावा असं लिहिलं, तर सहा कडुनिंब लावले. मोहनराव, उभ्या आयुष्यात माझं इतकं कोणी ऐकलं नव्हतं. नीलानेसुद्धा नाही. आणि लॉन खरोखर चांगलं आहे. तिकडे आपल्या गावाला धरण आहे, आपल्याला त्याचं काय वाटणार! इथे गावाला आठव्या दिवशी नळ येतो आणि या गवतावर टँकरच्या पाण्याचा फवारा दिवसातून दोनदा. हयातभर नीला घागरी मांडून नळाची वाट पाहत राहिली, आता बसल्या जागी सकाळ-संध्याकाळ पाणी मिळतं. (याचं बरं वाटून घ्यावं की वाईट, हे मी अजून ठरवलेलं नाही.)

पाटोद्याच्या गुफरानने हे लॉन लावलं आहे, त्याची तिकडे नर्सरी आहे. तो मात्र फसला नाही. बाकीचे नीलावरच्या मातीच्या उंचवट्याला भरावाची उरलेली माती समजत होते. एका सोमवारी तो माझ्याजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "चाचा, कबर हाय ना ही? मी बघताच वळखलं. पाइप फूटभर लांबून वळवलाय बघा." मी मान हलवली. "कोन हायत?" मी म्हणालो, आमची मंडळी. "मग तुमी साहेब कावून झालेत?" मी रजिस्टरातल्या रकान्याची हकीकत सांगितली. तो बराच वेळ हसला, आणि जाताना बेलाची पानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर एक खडा ठेवून गेला.

पुढची चूक सर्वस्वी माझी. एकदा मी वहीत लिहून गेलो, "पूर्वेचा कोपरा फार शांत आहे. येथून उठावेसे वाटत नाही." (इतकं मी आपल्याजवळही बोललो नसेन.) मॅडमनी ते समितीत वाचून दाखवलं, आणि साहेबांना जो कोपरा आवडला तोच सजवायचा असं ठरलं. उंचवटा काढून सपाटी करायची, कारंजं बसवायचं आणि समोर फोटो काढायला विद्यापीठाच्या नावाची माणसाएवढी अक्षरं उभी करायची. नकाशा मोठ्या कौतुकाने मला दाखवायला आणला. कारंज्याचा हौद बरोबर माझ्या जागेवर होता. नीलाच्या जागी पंप. "सर, तुमच्याच सूचनेवरून!" मॅडम म्हणाल्या. मी त्यावरही सही केली आणि घरी आलो.

आठवडाभर नीट जेवलो नाही. काल सोमवारी गेलो आणि रजिस्टरात शेवटच्या रकान्यात लिहिलं, "पत्नीस भेटणे." सुंदरराव म्हणाले, "आरं वा! कोणत्या डिपारमेंटला हायत मॅडम?" मी कोपऱ्याकडे बोट केलं. ते तिकडे बघून रुचिका मॅडमना बोलवायला गेले. त्या आल्यावर मी सगळं सांगून टाकलं. मी कुठला साहेब नाही, खतवाला आहे. तो ढीग म्हणजे माझी बायको आहे. आणि शेजारची जागा रिकामी राहिली तर उपकार होतील. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे खरे तपासणारे अजून यायचेच आहेत?" मी हो म्हणालो. मग त्या चपला काढून तिथेच गवतावर बसल्या. मीही बसलो. दहा महिन्यांत तिथे माझ्याबरोबर एवढा वेळ कोणी बसलं नव्हतं.

पत्र फार लांबलं. घरी गेल्यावर सांगायला कोणी नसतं, ते सगळं आपल्या वाट्याला आलं. सत्यशीलाताईंना नमस्कार.

आपला,
सोमलिंग

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, आज शनिवार. कारंजं आता ग्रंथालयापुढे जाणार आहे. उंचवट्याला हात लावणार नाहीत. माझ्या जागेवरही काही बांधणार नाहीत, पण नकाशात जागा नुसती रिकामी दाखवता येत नाही, समिती विचारते. म्हणून मॅडमनी तिथे एक चौकोन काढून आत लिहिलं आहे, "भावी विस्तारासाठी राखीव."

ता. क. दुसरा. खरं काम लिहायचं राहिलं. त्या चौकोनासाठी अर्ज द्यावा लागतो आणि त्यावर अशा नातेवाइकाची सही लागते, जो वेळ आल्यावर केंद्राला कळवेल आणि मला तिथे आणून बसवेल. आम्हाला मूलबाळ नाही, भाऊ नाही. अर्ज सोबत जोडला आहे, फुलीची खूण केली आहे तिथे सही करावी. आपण माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे आहात हे मी विसरलेलो नाही. अर्ज भरताना मॅडमनीही तीच शंका काढली. मी म्हणालो, ते टिकतील. तेव्हा आजपासून तंबाखू बंद करावी.