मी यंत्र असल्याचा संशय

३ तारीख, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. पुढे लोक विचारतील, सुरुवात कशी झाली. तेव्हा आठवत बसायला नको.
ऑफिसला निघण्याआधी तासभर ऑनलाइन पोकर, म्हणजे पैसे लावून पत्ते. पैशांच्या सगळ्या चिप्स गेल्या. खेळ मात्र उत्तम झाला.

५ तारीख
माझ्या टेबलावर रोज तेच चौघं. मी टेबल बदललं की मिनिटभरात तेही हजर. चांगल्या खेळाडूच्या आजूबाजूला शिकाऊ मंडळी जमतातच. चॅटमध्ये नमस्कार टाकला. एकाचंही उत्तर नाही. दबून असतील बिचारे.

८ तारीख
राजीनामा दिला. लिफ्ट कंपनीत तक्रारींना उत्तरं लिहिण्यात एकोणीस वर्षं गेली, आता पूर्णवेळ पोकर. कारणाच्या रकान्यात लिहिलं : अन्य क्षेत्रात असामान्य प्रावीण्य प्राप्त झाल्याने. साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, तीस तारखेपर्यंत मागे घेता येईल, विचार करा. मी नुसता हसलो.
घरी हिला सांगितलं. हिने लगेच कपाट आवरायला घेतलं. हिने भर संध्याकाळी कपाट काढलं की प्रकरण गंभीर असतं.

११ तारीख, सकाळी ६.५५
खातं बंद! साइटचा मेल : आपल्या खात्याचा बॉट प्रकरणाशी संबंध असल्याचा संशय आहे, चौकशी होईपर्यंत खेळता येणार नाही.
मेहुण्याला फोन केला. तो कॉम्प्युटरवाला. म्हणाला, बॉट म्हणजे माणसाच्या नावाने खेळणारा प्रोग्रॅम. दमत नाही, चिडत नाही, चुकत नाही.
चुकत नाही! तीनदा विचारून खात्री करून घेतली. म्हणजे माझा खेळ बघून त्यांना वाटलं, हे माणसाचं काम नव्हे. अंगावर मूठभर मांस चढलं.

१२ तारीख
ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. मेकॅनिकने विचारलं, अभिनंदन करायचं की धीर द्यायचा? म्हटलं, आधी अभिनंदन कर.

१४ तारीख
माणूस असल्याचा पुरावा मागितला आहे. एका तासासाठी खातं उघडणार. तेवढा वेळ सलग व्हिडिओ काढायचा, त्यात चेहरा, दोन्ही हात आणि स्क्रीन दिसली पाहिजे. शिवाय प्रत्येक डावात काय विचार केला, ते मोठ्याने सांगायचं.
ठरवलं : मधूनमधून मुद्दाम चुकायचं. नेहमीसारखा खेळलो तर मेलोच, बॉट म्हणून शिक्काच बसेल. निदान पाच चुका. कागदावर लिहून ठेवल्या.

१६ तारीख
रेकॉर्डिंग झालं. मुलीने इस्त्रीच्या टेबलावर डिक्शनऱ्या रचून त्यावर मोबाइल उभा केला. ही पलीकडे खुर्ची टाकून बसली.
मी स्पष्ट बोलत होतो. म्हटलं, समोरच्याकडे एक्के आहेत हे मला दिसतंय, तरी मी चिप्स लावतो. हिने विचारलं, दिसतंय तर लावता कशाला? म्हटलं, खात्री नको का करून घ्यायला? एक्केच निघाले. माझा अंदाज बरोबर. हे सगळं रेकॉर्ड झालं आहे.
दोन्ही हात दिसायला हवेत म्हणून नाकाला खाज सुटली तरी सोसली. तास संपायला चार मिनिटं असताना चिप्स संपल्या. उरलेली चार मिनिटं कॅमेऱ्याकडे बघत बसलो.
कागद खिशातच राहिला. खेळात इतका रंगलो की चुका करायचंच विसरलो. आता काही खरं नाही.

२० तारीख
मेल : प्रकरण विचाराधीन आहे. एकोणीस वर्षं मी हेच वाक्य लिहितोय. याचा अर्थ फाइल अजून कुणी उघडलेलीच नाही.

२४ तारीख
बॉट ठरलो तर खातं जाणार, माणूस ठरलो तर इज्जत. खातं गेलं तर खेळणार कुठे? आणि नोकरीचे उरले सहा दिवस.

२७ तारीख, दुपारी १.२०
निकाल आला. तीन वेळा वाचला, तरी तोच.
मी बॉट असल्याचा संशय त्यांना कधीच नव्हता. बॉट ते चौघे होते. कच्चा खेळाडू कुठे बसलाय ते असे प्रोग्रॅम शोधतात आणि मिनिटभरात तिथे पोचतात. मी त्यांच्याशी इतक्या नेमाने हरत होतो की साइटला वाटलं, हा त्यांचाच माणूस असणार, मुद्दाम हरून त्यांना चिप्स पोचवतोय. तीन तपासनीसांनी स्वतंत्रपणे व्हिडिओ बघितला. तिघांचं एकमत : सदर खेळाडूचं हरणं संपूर्णपणे प्रामाणिक आहे.
तसदीबद्दल दिलगिरीही व्यक्त केली आहे. मीही ऑफिसातून अशीच व्यक्त करतो.
हिला वाचायला दिलं. वाटलं, हसेल. ही म्हणाली, तासभर बघत होते तुम्हाला. घरात कधी एवढे खुशीत दिसला नाहीत. म्हणूनच भीती वाटली, आता हे सुटायचं नाही. हे ऐकून मला लाज वाटली, अगदी खरीखुरी.

२८ तारीख, सकाळी ८.०५
तरीही. चौघांना हाकललं आहे, माझं खातं उघडलं आहे. म्हणजे आजवरचं हरणं धरायचंच नाही. आता टेबलावर फक्त तपासलेली माणसं. शेवटची परीक्षा, आणि ती माणसांशी.

८.४०
चिप्स संपल्या. सगळी माणसंच होती. आता तक्रार तरी कुणाची करू? एकाने माझा फोटो बघून चॅटमध्ये लिहिलं, काका, एवढ्यात उठू नका ना.

३० तारीख
राजीनामा मागे घ्यायला गेलो. साहेब म्हणाले, घ्या की. फक्त कारणात असामान्य प्रावीण्य लिहिलंय. ते नसल्याचा काही कागद लागेल, नाहीतर ऑडिटला काय दाखवू?
कागद होता. साइटच्या पत्राची प्रिंट काढून दिली. साहेबांचा चष्मा घरी राहिला होता. म्हणाले, तुम्हीच वाचा, जरा मोठ्याने.
वाचलं. संपूर्णपणे प्रामाणिक इथपर्यंत. सगळं ऑफिस ऐकत होतं. कुणीही हसलं नाही. कुणाला आश्चर्यही वाटलं नाही.
साहेबांनी पत्र फाइलला लावलं आणि म्हणाले, बसा, लिफ्टच्या सतरा तक्रारी आल्यात.
बसलो.