शहाऐंशी फोल्डर

३ मार्च, सोमवार

शहाऐंशी! आज मोजले. माझ्या मेलमधले फोल्डर. गिऱ्हाईकवार, वर्षवार, तक्रारी वेगळ्या, त्यांवरची माफीपत्रं वेगळी. एकतीस तारखेला मी निवृत्त होणार, तोवर हा संसार ओरिहाराच्या हवाली करायचा. सत्तावीस वर्षांची पोर. यादी बघून म्हणाली, "मिनोवा-सान, रागवू नका हं, पण यात शिरायला नकाशा लागेल." हसले. रागावलेही.

५ मार्च, बुधवार

तिच्या मते तीनच पुरेत — करायचंय, उत्तर यायचंय, झालं. "बाकी शोधलं की सापडतं की!" पैज लागली. नागोयाच्या गिऱ्हाइकाचं ऑगस्टमधलं वेळापत्रक. तिनं दोन शब्द टाकून काढलं. मी अजून तिसऱ्याच फोल्डरात! एकतीस वर्षं मी काय केलं मग? रडूच येत होतं.

७ मार्च, शुक्रवार

बत्तीस उरले. हलकं वाटतंय, हे तिला सांगणार नाही.

११ मार्च, मंगळवार

आज त्सुकिओकाची आठवण. एकोणीस वर्षं शेजारी बसली, डबा एकत्र खाल्ला, माझी ही सगळी मांडणी तिला तोंडपाठ. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेली — मला एक शब्द नाही! फोन मी केला नाही. मी का करू? अजून सलतं.

१३ मार्च, गुरुवार

'निरोप' हा फोल्डर निघाला. बदली असो, राजीनामा असो, जाणारा प्रत्येकजण सगळ्यांना मेल धाडतो, आणि वाक्यं तीच: आजवरच्या लोभाबद्दल ऋणी आहे. म्हणून मी नियम लावून ठेवलेला — विषयात 'निरोप' दिसला की मेल परस्पर आत. बाकीचे फोल्डर दर महिनाअखेरीला आवरायची, हा कधीच नाही; चार हजार साठले होते, एकही न उघडलेला. "उडव सगळे," म्हटलं.

ओरिहारा थांबली. "त्सुकिओका-सान कोण? बाकी सगळे 'सर्वांस' आहेत. हा फक्त तुम्हाला आहे."

'मिनोवा, माझे डोळे जाताहेत. पडद्यावरचं आता वाचवत नाही. तुझ्याकडे बघून हे सांगायची छाती नाही माझी. वाचलंस की फोन कर. मेल नको.'

तारीख दोन वर्षांपूर्वीची. ओरिहारा चहा आणते म्हणून गेली, ती बराच वेळ आलीच नाही. शहाणी आहे पोर.

१४ मार्च, शुक्रवार

तीनदा नंबर लावला, तीनदा वाजायच्या आत ठेवला. काय तोंडानं बोलू?

१५ मार्च, शनिवार

फोन केला. माफी मागायला लागले तर मधेच तोडलं तिनं. "अगं, विषयात 'निरोप' मुद्दामच लिहिलं! कुठे जाऊन पडेल ते माहीत होतं मला. माझ्यादेखत वाचू नयेस, एवढंच. वाटलं, महिनाअखेरीला आवरशील तेव्हा सापडेल. तुझ्या शिस्तीवर भरवसा होता गं."

उद्या येऊ का, कसंबसं विचारलं.

"ये," म्हणाली. "अजून थोडं दिसतंय मला."