इमानाची तपासणी

बंगलोर, १२ ऑगस्ट १९९७

सौ. देवकास आशीर्वाद.

मी खुशाल आहे. संग्रहालयासाठी महायुद्धातलं सरावाचं विमान दुरुस्त करतोय. त्याच्या उड्डाणांची नोंदवही वाचली. शेकडो पोरांना उडायला शिकवलं, तीनदा नाकावर आपटलं, लढाईवर कधीच गेलं नाही. त्यात मास्तर आणि शिकाऊ, दोघांच्याही हाती विमान चालवायचा एकेक दांडा असतो.

आपल्या घरात मात्र दोन मेकॅनिक चालायचे नाहीत. तुझ्या पत्रात शेजारच्या कैलासचं नाव चारदा आलं. मोटरपंप महिन्यात तीनदा काऊन बिघडतो? चांगला मेकॅनिक एकदाच येतो. त्याला चहा पाजणं बंद करजो, पंप आपोआप सुधारेल.

आईचे गुडघे कसे आहेत? ती विमानाला ‘इमान’ म्हणते. तिने विचारलं तर सांगजो, इकडचं इमान शाबूत आहे. तिकडचं तपासायला पोळ्याला येतोच.

तुझाच,
महादेव