फाट्यावरच्या निवाऱ्याचा मजकूर

अण्णा, तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. जिवंत होता तेव्हाही कधी लिहिली नव्हती म्हणा. जहाजावरून फोन करायचो, तुम्ही 'जेवलास का' विचारायचा, मी 'जेवलो' म्हणायचो, की संपलं. मी जहाजाचा स्वयंपाकी, मी नाही जेवणार तर कोण जेवणार. आज लिहायला बसलोय, कारण लिहायचं दुसरंच काही होतं आणि ते जमता जमत नव्हतं. ताईनं आपल्या गावच्या फाट्यावर तुमच्या नावानं एसटीचा निवारा बांधलाय. वर पत्रे टाकून झाले, बसायला सिमेंटचे कट्टे झाले, मधल्या भिंतीत काळ्या ग्रॅनाइटच्या पाटीला जागा सोडलीय. येत्या पुण्यतिथीला उद्घाटन आहे. पाटीचा मजकूर सोमवारी देगलूरच्या कारागिराला द्यायचाय, आणि तो मी लिहायचा असं ताईनं ठरवून टाकलं, का तर मी जग बघितलंय. तिचा स्वतःचा मजकूर तयारच होता. 'कष्टकऱ्यांचे कैवारी, ऊसतोड कामगारांचा आधारवड.' मी म्हणालो, ताई, आधारवड राहू दे. ती म्हणाली, "मग तू लिही. पण बापाला शोभंल असं लिही."

दोन-तीन वर्षांपूर्वी मी तिचाच मजकूर पाठवून मोकळा झालो असतो. पण मधल्या काळात माझ्या नजरेला दोन दगड पडले आणि सगळा घोळ झाला. पहिला इंग्लंडातल्या एका जुन्या बंदरात. माल उतरायला तीन दिवस लागणार होते, बाहेर पाऊस झिमझिमत होता, म्हणून मी आणि आमचा एक फिलिपिनो खलाशी तिथल्या चर्चमध्ये शिरलो. तो प्रार्थनेला, मी नुसता कोरडं व्हायला. भिंतीवर संगमरवराची ही एवढी मोठी पाटी, वर शिडाचं जहाज कोरलेलं. कुणा कप्तानाच्या स्मरणार्थ होती. देवाला भिणारा, बायकोवर माया करणारा, हाताखालच्या माणसांशी न्यायानं वागणारा, आयुष्यभर समुद्रावर इमानदारीनं व्यापार केलेला. वाचून मला बरं वाटलं, आमच्या धंद्यातल्या माणसाचं एवढं कौतुक दगडात कोण करतं. पाटीच्या खाली प्लास्टिकमध्ये घातलेला एक छापील कागद चिकटवला होता. चर्चची देखभाल करणारी एक म्हातारी जवळ आली आणि म्हणाली, तो कागदही वाचा. त्यात लिहिलं होतं, हा कप्तान आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं भरून पलीकडं विकायला न्यायचा. बायामाणसं, लेकरंबाळं, बेड्या घालून, जहाजाच्या पोटात. पलीकडं म्हणजे कुठं, तर उसाच्या मळ्यांवर. अण्णा, ऊस वाचलं आणि माझे कान गरम झाले. मी म्हातारीला विचारलं, मग हा दगड काढून का टाकत नाही तुम्ही? ती म्हणाली, दगड काढला तर हा कागद कशाखाली चिकटवू.

दुसरा दगड गेल्या वर्षी बघितला. इंजिनातल्या एका माणसाच्या पोटात भयंकर दुखायला लागलं, म्हणून आमचं जहाज अटलांटिकमधल्या एका बेटापाशी थांबवलं. त्याच्यासोबत मला किनाऱ्यावर पाठवलं, कारण येताना भाजीही घ्यायची होती. त्याला दवाखान्यात पोचवून मी बाहेर पडलो तर एका बागेत दगडी खांब दिसला. तोही खलाशांचाच, पण उलट्या बाजूच्या. कायद्यानं गुलामांचा व्यापार बंद केल्यावर गुलाम नेणारी जहाजं अडवायला आरमाराची जहाजं फिरायची, त्या कामात तापानं मेलेली ही माणसं. वीस-बावीस वर्षांची. मी प्रत्येक नाव मोठ्यानं वाचलं, का कोण जाणे. मग ज्या टॅक्सीवाल्यानं मला फिरवलं त्यानं पलीकडची घळ दाखवली. सोडवून आणलेल्यांपैकी जे बेटावर पोचेपर्यंत किंवा पोचल्यावर मेले, अशी हजारो माणसं तिथं पुरलेली आहेत. त्यांच्या डोक्यावर एक नाव नाही. मी म्हणालो, खांबावरची माणसं तरी चांगली होती. टॅक्सीवाला हसला. म्हणाला, खलाशी तो खलाशी, यातले काही आधी त्या दुसऱ्या जहाजांवरही नोकरी करून आले असतील, कुणी विचारलंय त्यांना? मी भाजी घेतली आणि जहाजावर परत आलो. त्या दिवशी माझी डाळ करपली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तुम्ही मुकादम होता, अण्णा. दरसाल दिवाळी झाली की आपल्या पंचक्रोशीतल्या नवरा-बायकोच्या पंधरा-वीस जोड्या ट्रॅक्टरवर चढवून लातूरच्या पलीकडल्या कारखान्यावर ऊस तोडायला न्यायचा. आगाऊ पैशांची उचल घेतलेली जोडी हंगाम संपेपर्यंत तळ सोडून हलणार नाही, ही जबाबदारी तुमची. तुम्ही वाईट होता असं मी म्हणत नाही, आणि कुणी म्हणालं तर मला राग येईल. तळावर कुणाला ताप आला तर तुम्ही त्याला पाठुंगळी घेऊन डॉक्टरकडं नेलेलं मी बघितलंय. आई तळावर तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापायची आणि तुम्ही आधी तोडकऱ्यांच्या पोरांना वाढायचा, मग स्वतः बसायचा. मी एकदा वाढताना एका म्हाताऱ्याला म्हणालो, बाबा, तिसरी भाकरी झाली ही तुमची. तुम्ही माझ्या हातातली टोपली काढून घेतली आणि सगळ्यांसमोर सुनावलं, "जेवणाऱ्याची भाकरी मोजतो? ऊठ हितनं." आज माझ्या हाताखाली जो कोणी येतो त्याला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. तेव्हा तुमचं भलेपण मला कुणी सांगायला नको, त्यावरच माझी रोजीरोटी चाललीय.

आणि तरी तो दिवस होता. मी एकोणीस वर्षांचा, नांदेडला हॉटेलाचा कोर्स करून आलेलो, मुंबईच्या एजंटाकडं जहाजासाठी नाव घातलेलं, आणि बोलावणं येईपर्यंत तुमच्या तळावर जीप चालवतोय. सकाळी कळलं की एक जोडी पळाली. आपल्याच गावची लेक, माझ्याच वयाची, आणि तिचा नवरा. तिची आई गावात आजारी होती, जाऊ द्या म्हणून तिनं दोनदा विचारलं होतं आणि तुम्ही 'हंगाम संपू दे' म्हणाला होता. तुम्ही म्हणालात, "चल, गाडी काढ." दुपारी देगलूरच्या स्टँडवर सापडली दोघं. जलद गाडी आपल्या फाट्यावर थांबत नाही, म्हणून ती थेट देगलूरला उतरून, उलटं गावाकडं जाणाऱ्या साध्या गाडीची वाट बघत बसली होती. तुम्ही हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. दोघांना चहा पाजला, भजी खाऊ घातली, आणि त्यांचं खाणं झाल्यावर म्हणालात, "चला." ती दोघं उठून जीपमध्ये बसली. मारहाण झाली असती तर चार माणसं मधे पडली असती, असं मला आज वाटतं. परत येताना आपला फाटा दिसायला लागला तशी ती मागून वाकून मला म्हणाली, "भाऊ, फाट्यावर जरा थांबवा की. मायला बगून येते, लगेच येते." मी तुमच्याकडं बघितलं, तुम्ही नको म्हणून मान हलवली, मी गाडी पुढं काढली. आठ दिवसांनी तिची आई गेली. ही गोष्ट मी आजवर अशीच सांगत आलोय. बायकोला सांगितली, त्या बेटावरच्या टॅक्सीवाल्यालासुद्धा सांगितली.

पुढचं सगळं गाव जाणतं. दोन हंगामांनी तुम्ही मुकादमी सोडली. मग दुसऱ्या एका मुकादमानं तीन कुटुंबं कोंडून ठेवल्याचं कळलं, तेव्हा तहसीलच्या लोकांना घेऊन तुम्ही स्वतः गेला, कोणत्या खोपटात कोण आहे ते दाखवलं, आणि माणसं ट्रॅक्टरवर घालून घरी आणली. मुकादमांनी तुमच्याशी बोलणं टाकलं, हॉटेलात तुम्ही बसला की उठून जायचे. ताई म्हणते, हेच लिही. तेही खरंच आहे की. मी तीन दिवस वही घेऊन बसलो. एका बाजूला कप्तान, एका बाजूला खांब, आणि तुम्ही दोन्हीकडं. शेवटी काल शाळेत गेलो. त्या दिवशी जीपमध्ये होती ती लेक आता तिथंच खिचडी शिजवते, नवरा गेल्यावर माहेरी येऊन राहिलीय.

भलं मोठं पातेलं, धूर, आणि ती उलथनं घेऊन ढवळत होती. मला बघून म्हणाली, "या भाऊ. तुमी बी सैपाकीच की." मी विचारलं, बाई, निवाऱ्यावर अण्णांचं काय लिहू? "मला कामून इचारून राहिले?" म्हणाली. मी म्हणालो, त्या दिवशी फाट्यावर अण्णा नको म्हणाले होते, ते माझ्या डोक्यातनं जात नाही. तिचा हात थांबला. "अण्णा कवा नको म्हन्ले? त्येंचा तर डोळा लागला होता. देगलूर सुटलं आन मान काचंला टेकली त्येंची. म्हनून तर मी तुमाला इचारलं, हळूच. जागे असते तर त्येंनाच इचारलं असतं." थोडा वेळ तिनं खिचडी ढवळली. मग म्हणाली, "गाडी तुमच्या हातात होती, भाऊ." रागानं नाही. पातेल्याखालचं लाकूड मागं ओढावं तसं, काम म्हणून. तिनं उलथन्यावर थोडी खिचडी घेऊन माझ्यापुढं धरली, "मीठ बगा बरं." मीठ बरोबर होतं. निघताना मी विचारलं, तुमचं नाव घालू का पाटीवर? "माझं कशाला, मी हाय की जित्ती. मायचं टाका. दुखण्यात पडायच्या आदी ती रोज फाट्यावर यून बसायची, हर गाडी बगत. तवा निवारा बी न्हवता."

आज मजकूर लिहिला. तुमचं नाव, मग हे: 'ऊसतोडीचे मुकादम. यांनी निघून गेलेली माणसं धरून परत कामावर नेली, आणि पुढं कोंडलेली माणसं सोडवून घरी आणली.' त्याखाली तिच्या आईचं नाव, आणि: 'यांची लेक या फाट्यावर थांबवा म्हणाली. मुकादमांच्या मुलानं गाडी थांबवली नाही.' ताईनं वाचलं आणि वही माझ्या अंगावर टाकली. म्हणाली, लोक काय म्हणतील, उद्घाटनाला आमदार येणारेत. मी म्हणालो, त्यांना यायचं तर येतील. सोमवारी मी स्वतः देगलूरला जातोय. कारागीर म्हणेल अक्षरं जास्त झाली, मी म्हणेन बारीक काढ.

हे पत्र काही कुठं जायचं नाही, म्हणून आता राहिलेलं सांगतो. ती म्हणाली म्हणून मला आठवलं असं नाही, अण्णा. मला नेहमीच आठवत होतं. तुम्ही झोपला होता, तोंड थोडं उघडं होतं, आणि मी तुम्हाला उठवलं नाही, कारण उठवलं असतं तर तुम्ही गाडी थांबव म्हणाला असता. महिन्याभरानं मला सोडायला नांदेडच्या स्टेशनवर आला, खिडकीतून घोंगडी आत दिली आणि विचारलंत, "ती पोरगी त्या दिवशी वाटेत काही म्हणाली होती का रे?" मी म्हणालो, न्हाई, काही न्हाई. तुम्ही मान हलवली. ती मान मी तिथून उचलून जीपमध्ये नेऊन ठेवली. त्या जीपच्या दिवशी घाई मला होती. मुंबईचा एजंट पाच वाजता पुढं वाटेवरच्या उदगीरच्या एसटीडी बूथवर फोन करणार होता आणि चार वाजत आले होते. फाट्यावर थांबलो असतो तर तो चुकला असता. मी पाचला दहा कमी असताना बूथवर पोचलो आणि तुम्हा तिघांना बाहेर जीपमध्ये ठेवून साडेसातपर्यंत बसून राहिलो. फोन त्या दिवशी आलाच नाही.