स्थळवाटचा फाउंडर

१ जानेवारी, बुधवार
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.

या वर्षी एकच काम. माझी वेबसाइट. नाव ठरलं: स्थळवाट. आपल्या समाजातल्या मुलामुलींसाठी ऑनलाइन वधू-वर सूचक. सध्या आपल्याकडे लग्नं कशी जमतात? आई पिशवीत माझ्या बायोडेटाच्या झेरॉक्स घेऊन भांडुपच्या मेळाव्याला जाते आणि तिथे एक गृहस्थ माइकवरून माझी उंची ओरडून सांगतात. लाज वाटते.

नोकरी आहे. विमा कंपनी, घाटकोपर, क्लेम विभाग. ती पोटासाठी. तिथल्या एकालाही साइड प्रोजेक्ट नाही. संध्याकाळी घरी जाऊन मॅच बघतात. पुढच्या जन्मीही क्लेम विभागातच येतील.

प्लॅन: २६ जानेवारीला लाँच. मार्चअखेर हजार नोंदण्या. दिवाळीला राजीनामा.

४ जानेवारी, शनिवार
दिवसभर प्लॅन कसा करायचा याचा प्लॅन केला. रंगीत चार्ट भिंतीवर लावला. आईने विचारलं, हे कसलं टाइमटेबल, परत परीक्षा देतोयस का. दुर्लक्ष केलं.

फोकससाठी उपाय सापडला. काम करताना फोन तांदळाच्या डब्यात ठेवायचा. नजरेआड झाला की मनातूनही जातो.

५ जानेवारी
आईने भात लावायला डबा उघडला आणि वाजणारा फोन उचलला. तेजलचा होता. तेजल म्हणजे कॉलेजपासूनची मैत्रीण, मागच्या गल्लीत राहते, बँकेत आहे. दोघी कुकरच्या चार शिट्ट्या होईपर्यंत बोलत होत्या. माझ्याबद्दलच असणार. मला काही विचारायचं नव्हतं म्हणे, सहज केला होता. सहज! लोकांकडे किती वेळ असतो.

११ जानेवारी
लोगो. निळा तर सगळेच घेतात, मी जरा वेगळा निळा शोधतोय. तेजल येऊन बसली होती. तिला एकामागून एक निळे दाखवले. म्हणाली, तुझा रंग ठरेपर्यंत मुलुंडमधल्या सगळ्या मुलींची लग्नं होतील. तिला ब्रँडिंगमधलं काही कळत नाही, पण पोहे आणले होते.

१९ जानेवारी, रविवार
तेजल दोन आठवडे मागे लागली होती, रविवारी जुहूला जाऊ. रविवारी माझं वीकली प्लॅनिंग असतं. पण होमपेजला एक हसरा चेहरा हवाच होता, म्हणून फील्डवर्क म्हणून गेलो. पिवळा कुर्ता घालून आली होती. फोटो उत्तम आला. नंतर तिला वाळूत बसून भेळ खायची होती. मी म्हटलं, आधी फोटो एडिट करायला हवा, भेळ पार्सल घेऊ. रिक्षात खाल्ली. तिने निम्मी तशीच ठेवली. उन्हाचा त्रास झाला असावा.

२६ जानेवारी
लाँच पुढे ढकललं. राष्ट्रीय सणाला लाँच करणं हौशी लोकांचं काम. लोक झेंड्याचे फोटो टाकतात की साइट बघतात? नवी तारीख: गुढीपाडवा. चार्ट काढून दुसरा लावला. हा जास्त चांगला दिसतो.

९ फेब्रुवारी
टेस्टिंग. पहिला फॉर्म तेजलकडून भरून घेतला. मी म्हटलं, खोटं काही भर, नुसतं बटण चालतंय का बघायचंय. पण ही बाई मान खाली घालून खरंच भरत बसली. चहाही न घेता गेली.

नंतर उघडून बघितलं. अपेक्षा या रकान्यात काय लिहावं? "ओळखीचा असला तर बरं. मुलुंडचाच. कॉम्प्युटरवर बसणारा चालेल, पण हाक मारली की मान वर करणारा हवा."

असं कोणी लिहितं? मान वर करणारा हे सिस्टिमला कसं कळणार? अशाने जन्मात मॅच मिळायचा नाही. बँकेत असून डेटाची काडीची समज नाही. शेवटी मीच दुरुस्त केलं: मुंबई उपनगर, पदवीधर, स्थिर नोकरी. आता रीच वाढेल. तिला सांगितलं नाही. युजरला सगळं सांगायचं नसतं.

१६ फेब्रुवारी
आईने विचारलं, तुझं स्वतःचं नाव घातलंस का त्यात. समजावलं की फाउंडरने तटस्थ राहायचं असतं, अंपायर बॅटिंग करत नाही. म्हणाली, अंपायरचंही लग्न होतं रे. आईशी स्ट्रॅटेजी बोलू नये.

१ मार्च, शनिवार
सकाळपासून तेजलचे तीन मिस्ड कॉल, फोन डब्यात. दुपारी स्वतःच आली. घरी स्थळं बघायला सुरुवात केलीय म्हणाली, बाबा घाई करतायत, काय करू सांग. मी नेमका सेव्ह बटणात अडकलो होतो. स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं, तुझी प्रोफाइल आहे ना साइटवर, तीच लाइव्ह करतो.

ती दारात जाऊन चपला घालायला लागली. मग म्हणाली, कर.

बघा. युजरला दिशा द्यावी लागते. आई मात्र स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. दिवसभर.

९ मार्च
बाहेरचा पहिला युजर! सुयोग. कांदिवली. महापालिकेत पाणी खात्यात इंजिनियर. तेजलच्या बँकेतल्या कोणीतरी लिंक पाठवली. छंद: फिरणे. फिरणे हा छंद? कुत्रंही फिरतं. वर तक्रार केलीय की होमपेज उघडायला वेळ लागतो, पण फोटो छान आहे, तेवढ्यात बघून होतो.

सिस्टिमने लगेच मॅच दाखवला: सुयोग आणि तेजल, ब्याण्णव टक्के. साइटवर मुलगी एकच आहे, तरीही ब्याण्णव म्हणजे ब्याण्णव. गणित चालतंय! एवढ्या आनंदात श्रीखंड आणलं. आईने खाल्लं नाही.

३० मार्च, पाडवा
लाँच पुढे. कारणं चार्टवर आहेत.

तेजलने विचारलं होतं, सुयोगला भेटायला जाऊ का? पुन्हा विचारलं, खरंच जाऊ? मी म्हटलं, अर्थातच, मला रिझल्ट हवाय. आज फीडबॅक दिला. सुयोगने तीन तासांत एकदाही फोन बघितला नाही म्हणे. हे कर्तृत्व झालं होय? पाणी खात्यातल्या माणसाला फोन करणार कोण?

१४ एप्रिल
लाँच आज असणार होतं, पण सगळं मुलुंड मिरवणुकीत. तिथे तेजल दिसली, पांढऱ्या साडीत. शेजारी सुयोग, दोघांच्या घरची माणसंही बरोबर. सुयोगने जयभीम घातला, साइटची चौकशी केली आणि साइटमधल्या तीन चुका दाखवल्या. तिन्ही बरोबर होत्या. आगाऊ माणूस.

घरी आलो तर कामाला हात लागेना. फोन डब्यात ठेवला, काढला, परत ठेवला. वाजलाच नाही. ऊन फार होतं आज.

४ मे, रविवार
तेजल पत्रिका घेऊन आली. पंचवीस तारखेला लग्न. अभिनंदन केलं आणि सांगितलं की होमपेजवर दोघांचा अभिप्राय टाकायचाय, तीन ओळी पुरे, स्थळवाटचं पहिलं यश.

तिने पत्रिका आईच्या हातात दिली. मला म्हणाली, "अपेक्षा मी नीट लिहिल्या होत्या किरण."

मी म्हटलं, मॅच मिळाला नसता म्हणून जरा दुरुस्त केल्या.

"म्हणजे वाचल्यास. वाचून बदलल्यास."

मी रीचबद्दल बोलायला लागलो. अर्ध्या वाक्यात माझं मलाच ऐकू यायला लागलं, म्हणून थांबलो. ती म्हणाली, सुयोग चांगला आहे रे, राग नाही माझा. मग आईच्या पाया पडली. आईने तिला खूप वेळ सोडलंच नाही.

फीडबॅक तसा योग्य आहे. पण असा फीडबॅक वेळेत आणि स्पष्ट भाषेत द्यायला हवा. ओळखीचा, मुलुंडचा, कॉम्प्युटरवर बसणारा. यातून माणसाने काय समजायचं?

रात्री जेवलो नाही. ॲसिडिटी.

२५ मे
लग्न छान झालं. त्रिशरण, पंचशील, हार, टाळ्या. मग तेजलच्या भावाने माइकवरून सांगितलं की ही जोडी किरणदादाच्या वेबसाइटने जुळवली. सगळा हॉल माझ्याकडे वळला. मला उभं केलं. सुयोगने मिठी मारली. चांगला माणूस आहे, हे आज लिहून टाकतो. मला तो अजिबात आवडत नाही.

जेवणाच्या रांगेत बायकांनी घेरलं. माझ्या भाचीचं बघ, माझ्या दिराचं बघ. घरी येईपर्यंत धडाधड नोंदण्या. जानेवारीपासून ज्याची वाट बघत होतो ते एका दुपारी झालं. लाँच न करता. आनंद व्हायला हवा. नाही होत. मला वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.

आई आली. नुसती लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवून गेली.

फॉर्म भरायला घेतला. नाव लिहिलं. उंची, शिक्षण, नोकरी लिहिली. छंद या रकान्यात वेबसाइट लिहिलं आणि खोडलं. आता अपेक्षांपाशी आलोय. जे लिहायचंय ते लिहून उपयोग नाही, आणि दुसरं काही सुचत नाही.

हा रकाना बंधनकारक मीच केलाय. रिकामा सोडला तर पुढचं पान उघडत नाही.