मांडी घालून बसायचं नाही

अण्णा, सोरटाच्या पटापुढे तुम्ही उकिडवे बसलेले मला अजून दिसता. टोपी मागे सरकलेली, विजार गुडघ्यापर्यंत ओढून घेतलेली, आणि तोंडभर हसू. वर्षभर माधवनगरच्या कापडगिरणीत साच्यांपुढे उभं राहून तुम्ही हसायचं विसरलेले असायचात. घरात बोलायचात ते ओरडून, कारण त्या खडखडाटानं कान गेले होते. पण चैत्रात पॅसेंजरनं कोरेगावला उतरून आपल्या गावच्या जत्रेत आलो की तुमची चालच बदलायची. देवाला नारळ, भावकीच्या घरी जेवण, आणि मग दुपारी तो पट. मेणकापडावर सहा चित्रं असायची: सूर्य, मोर, गुलाब, छत्री, फुलपाखरू आणि बादली. डब्यात तीन फासे, त्यांच्यावरही तीच चित्रं. लावलेलं चित्र निघालं तर पैसे दुप्पट, नाही तर पटवाल्याचे. वर्षातून एकदा, पाच रुपये, एवढाच तुमचा जुगार. हरलात तरी हसायचात, जिंकलात तर आम्हाला गारीगार.

एकदा मी म्हणाले होते, 'आण्णा, मांडी घालून नीट बसा की.' तुम्ही म्हणालात, 'मांडी घातली की मानूस तितं घर करतो गं. उकिडवं बसावं. पाय भरून आलं की आपसूक उठतो. डोस्कं कवा ऊठ म्हनत न्हाई, पायच म्हनत्यात.' मला तेव्हा ते तुमच्या नेहमीच्या चेष्टेतलं वाटलं. मी मॅट्रिकला होते आणि मला सगळं कळत होतं, म्हणजे त्या वयात कळतं तेवढं.

त्या वर्षी आपण दोघंच गेलो. आईला यायचं नव्हतं, कारण तिच्या हातचं जेवायला गिरणीतले दहा एकटे कामगार होते आणि त्यांना दोन दिवस उपाशी कोण ठेवणार? तीन वर्षं ती त्यांच्या भाकऱ्या थापत होती. चुलीच्या धुरानं तिचे डोळे कायम लाल असत. त्यातून तिनं दीडशे रुपये मागे टाकले होते. साताऱ्यात एका शिंप्याची बायको, नवरा गेल्यावर, त्याचं हातमशीन विकत होती. जत्रा करायची, दुसऱ्या दिवशी साताऱ्याला जायचं आणि मशीन घेऊन यायचं, असं ठरलं. मशीन आलं की खानावळ बंद, घरी बसून झंपर शिवायचे, हे आई इतक्यांदा बोलली होती की शेजारणींनी कापडंसुद्धा काढून ठेवली होती.

पैसे तिनं माझ्याजवळ दिले. परकराला आतून खिसा शिवला आणि तुमच्यादेखत म्हणाली, 'तुझ्याजवळ ऱ्हाऊ दे. तुझ्या बापाचं जत्रंत ध्यान ठिकान्यावर नसतं.' तुम्ही नुसते हसलात. मला मात्र भारी वाटलं. घरातल्या सगळ्यात मोठ्या रकमेची मी राखणदार, आणि तीही बापावर विश्वास नाही म्हणून!

जत्रेत तुम्ही तुमचे पाच रुपये खेळलात, हरलात, गुडघ्यावर हात टेकून उठलात. कुस्त्या सुरू व्हायच्या होत्या. आखाड्याकडे बायका जात नसत, म्हणून मला म्हणालात, 'हितंच बांगडीवाल्यापाशी थांब. दोन-चार जोडी बघून येतो.' मी थांबले. पण पट तिथून दहा पावलांवर होता, आणि मघापासून माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. छत्री येतच नव्हती. सूर्य येत होता, बादली तर सारखी येत होती, छत्रीचा पत्ता नव्हता. मी हुशार मुलगी, गणितात वर्गात पहिली. मनात म्हटलं, आता येणारच.

खरं कारण तेवढंच नव्हतं, अण्णा. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. त्या शिंपिणीकडे पायाचं मशीनही होतं, ते पन्नास रुपयांनी महाग. आईचा उजवा हात भाकऱ्या थापून दुखायचा. हातमशीनचा दांडा फिरवायला पुन्हा तोच हात. मला वाटलं, पन्नास जिंकले तर पायाचंच नेऊ. आई दारात उभी राहून बघते आहे, हे चित्रही मी मनात रंगवून टाकलं होतं.

चार-दोन बायका आठ-आठ आणे लावत होत्या. मी रुपया लावला, छत्री आली. परत लावला, परत आली. मग पटवाल्याच्या बायकोनं पोतं पुढे सरकवलं. 'उबी का बाय? बस की निवांत.' आणि मी बसले. मांडी घालून, परकर नीट सावरून, पंगतीला बसतात तशी. ऊन डोक्यावर होतं, ते मला लागेनासं झालं. छत्री यायची बंद झाली. मी दोन लावले, पाच लावले, दहाची नोट काढली. खिशात हात घालताना दर वेळी वाटायचं, ही शेवटची. गेलेले परत आले की उठायचं. जिंकायचं तर केव्हाच विसरले होते, आता फक्त बरोबरीला यायचं होतं. पटवाला लबाड नव्हता हो, उलट फार गोड बोलायचा. 'लाव बाय, आता येतीयाच तुझी छत्री.'

तुम्ही आलात तेव्हा तुमच्या सदऱ्याला कुणाची तरी लाल माती लागलेली होती. आधी हसलात, मग माझी मांडी बघितलीत, मग हातातल्या नोटा. शेजारी उकिडवे बसलात आणि हळू आवाजात विचारलंत, 'किती हायेत?' मी म्हणाले, 'तेवीस.' एवढ्या हळू बोललेलं तुम्हाला एरवी कधी ऐकू आलं नसतं, पण ते आलं. पटवाला म्हणाला, 'दादा, तुमी लावा की. तुमच्या हातानं फिरंल.' आणि तुम्ही पटाकडे बघत राहिलात. डबा खुळखुळला, फासे पडले, कुणीतरी जिंकलं. पुन्हा डबा खुळखुळला. तुमचा हात माझ्या हातातल्या नोटांवर होता आणि अंगठ्यानं तुम्ही त्या एकेक मोजत होतात. तुमच्याही मनात आलं होतं, अण्णा. तेवीसचे सेहेचाळीस, त्याचे ब्याण्णव. मला दिसत होतं ते.

मग तुम्ही म्हणालात, 'ऊठ.'

'आण्णा, एकदाच. अकरा डाव झालं, छत्री आली न्हाई. आता येनारच हाय.'

'अकरा डाव झालं ते फाशाला काय ठावं? त्येला मागचं कायबी ध्यानात नसतंय. आपल्यालाच असतंय. ऊठ, माज्या पायाला मुंग्या आल्या.'

नुकते तर बसला होतात तुम्ही. मी उठले. पाय इतके बधिर झाले होते की तुम्हालाच धरावं लागलं. वीस पावलं गेलो असू तोच मागं आरडाओरडा झाला, 'छत्री! दोन छत्र्या!' मी गर्रकन वळणार, तर तुम्ही मनगट घट्ट धरलंत. 'बगू नगंस. ती आपली न्हवती.' माझं ते मनगट कितीतरी दिवस दुखत होतं.

साताऱ्याला गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत मी रडून रडून नाक लाल केलं होतं. किर्लोस्करवाडी मागे पडल्यावर तुम्ही म्हणालात, 'तुज्या आईला मी सांगीन. तू फकस्त गप ऱ्हा.' मी म्हटलं, 'पण आण्णा...' तर म्हणालात, 'माजं नाव हाय आदीच मळकं. त्येच्यावर आनि एक डाग पडला तर दिसायचा न्हाई. तुजं लगीन व्हायचंय. आनि तुज्यावर तिचा लय जीव हाय, लय इस्वास हाय. तेवढा ऱ्हाऊ दे.'

आई चुलीपुढे होती. तुम्ही उंबऱ्यातूनच सांगितलंत, 'मशीन न्हाई आनलं. पैसं म्या घालवलं. ही द्यायला तयार न्हवती, म्या दटावून घेतलं.' आई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, ती फुगेपर्यंत बघत बसली आणि म्हणाली, 'तीन वरसं थापल्या म्या भाकऱ्या. तीन वरसं.' मग मला जवळ ओढून पिठाच्या हातानं माझे डोळे पुसले. 'तू कशाला रडतीस गं? तुजं काय चुकलं?' तिच्या कुशीत तोंड खुपसून मी आणखी रडले आणि गप्प राहिले. तुम्ही सांगितलं होतं म्हणून गप्प राहिले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे ती कूस सोडवत नव्हती.

मशीन आणखी दोन वर्षांनी आलं, हाताचंच. आणि जत्रा तुमची कायमची सुटली. आईनं देवापुढे शपथ घ्यायला लावली, तुम्ही घेतलीत. दर चैत्रात गावाकडचं कुणीतरी प्रसाद आणून द्यायचं, आणि त्या दिवशी तुम्ही कामावरून आलात की दारातल्या दगडावर बराच वेळ बसून राहायचात. मी शिक्षिका झाले. तीस वर्षं पोरांना नेहमी खरं बोलावं हे शिकवलं आणि त्याचा पगार घेतला. दर वर्षी ठरवायची, या चैत्रात सांगू. मग वाटायचं, आता लग्न आहे, आता बाळंतपण आहे, पुढच्या वर्षी सांगू. वेळेवर उठावं, हे तुम्ही शिकवलेलं दुसऱ्यांच्या बाबतीत मला अगदी बरोबर कळायचं.

तुम्ही गेलात. तेराव्याला माणसं बसली होती. आत्या म्हणाली, 'माजा भाऊ द्येवमानूस व्हता.' आई म्हणाली, 'व्हताच. खरं त्या एका जत्रंत त्येला काय झालं कुनास ठावं.' सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडलं? 'जाऊ दे गं आई. मी तर त्यांना केव्हाच माफ केलंय.' लोक म्हणाले, पोरगी गुणाची आहे. अण्णा, तुमच्या फोटोसमोर बसून मी तुम्हाला माफ केलं. त्या क्षणाची मला अजून इतकी लाज वाटते, की आताही लिहिताना कान तापलेत.

आई आता सांगलीत माझ्याकडेच असते. नव्वदीला आली. गेल्या आठवड्यात मेथी निवडता निवडता म्हणाली, 'मी लय लावून बोलले गं त्येला. वरसातला एक दीस तर हसायचा बिचारा, त्योबी म्या काढून घेतला. त्यानं मनात ठेवलं असंल का गं?' मी म्हणाले, 'नाही गं, अण्णा कुठं मनात ठेवायचे.' ते खरंच होतं. तिला तेवढ्यानं बरं वाटलं नाही. ती काड्या मोडत राहिली आणि मी ताट उचलून आत गेले.

तुम्हाला लिहिणं सोपं आहे. यातलं तुम्हाला सगळंच ठाऊक आहे, आणि तुम्ही कधीच रागावला नाहीत. हे ज्या माणसाला वाचायला द्यायला हवं, ती माझ्यासमोर पलंगावर बसून पेपर वाचते आहे. चौथीच शिकलेली, पण अजून बारीक अक्षरही वाचता येतं तिला. मघाशी पेपरावरून बघून म्हणाली, 'मगापासनं काय लिवतीयास एवढं?'

मी म्हणाले, 'काही नाही गं, वाणसामानाची यादी.'