सहा नंबरच्या बसमधली चौकशी

१२ फेब्रुवारी

ती बाई आज पुन्हा बसमध्ये! पिवळी टोपी, गळ्यात बस खात्याचं ओळखपत्र. एकेका सीटपाशी वाकून विचारते — कुठे चढलात, कुठे उतरणार, कशासाठी? कशासाठी म्हणजे? हिला काय माझ्या घरातलं सांगत बसू?

ब्रेड घ्यायला फ्रँकच्या बेकरीत गेले तेव्हा त्याच्या कानावर घातलं. सुरी ठेवून म्हणाला, "इर्मा, हे आधी विचारतात आणि मग काढून घेतात. शाळेचं काय झालं आठव. आधी 'तुमची मतं सांगा', मग कुलूप! विचारलं तर काहीही सांग, खरं सांगू नकोस."

खोटं नाही त्याचं. नदीच्या अलीकडचं काही बंद करायचं असलं की आधी हसऱ्या चेहऱ्याचं कुणीतरी येतं.

१५ फेब्रुवारी

आज नेमकी माझ्या शेजारी बसली. नाव सिमोन. मांडीवरच्या डब्याकडे बघून म्हणते, "काय मस्त वास येतोय! कुणासाठी?"

आली मुद्द्यावर!

म्हटलं, "माझंच जेवण. मॉलमध्ये चाललेय."

तिने टिपून घेतलं. आणि मग माझी पंचाईत! वृद्धाश्रमाचा थांबा आला, माझा रोजचा. उतरले असते तर खोटं तिथल्या तिथे उघडं पडलं असतं. बसून राहिले. थेट मॉलपर्यंत गेले. तिथून बर्फातून घसरत, ट्रकांचे शिंतोडे अंगावर घेत मागे चालत आले.

बेला खिडकीशी वाट बघत होता. माझा धाकटा भाऊ. झटका आल्यापासून बोलणं गेलंय, उजवा हात गेलाय. डोकं मात्र लख्ख. तिथलं जेवण तोंडाला लावत नाही — मी नेते तेवढंच खातो. डब्यातला चिकन पाप्रिकाशचा लाल रस्सा थंडगार झाला होता. तरी सगळं खाल्लं. मग माझे ओले बूट बघितले, आणि माझ्याकडे बघतच राहिला.

काय सांगणार त्याला?

३ मार्च

फ्रँकचा सल्ला बसभर पसरलाय. कुणी स्टेडियम सांगतं, कुणी विमानतळ. ऐंशीच्या घरातल्या टोथबाईंनी कॅसिनो सांगितला! सगळे पोट धरून हसलो. सिमोनही हसली. का हसली पण? तिला काही कळलंय का?

१८ एप्रिल

बसमध्ये नवा नकाशा लावलाय. आमची सहा नंबर आता वळसे न घेता सरळ मॉलला जाणार. दर पंधरा मिनिटांनी! आणि वृद्धाश्रमाचा रस्ता — नाही. पुसून टाकलाय.

ठरवून केलंय हे! मॉलवाल्यांनी कुणाचे तरी खिसे भरले असणार.

फ्रँक म्हणाला, "बघ! म्हटलं नव्हतं?"

घरी आले. हात धुताना एक विचार मनात आला. तो नकोच. दिवा मालवला.

२४ एप्रिल

चर्चच्या तळघरात सभा. फ्रँक टेबलावर मुठी आपटत होता. "आमच्या म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडता? लाज नाही वाटत?" सिमोन एकटी उभी. चेहरा उतरलेला.

ती म्हणाली, "त्या थांब्यावर थोडेच लोक उतरतात. ते कोण, कशाला उतरतात, हे मी तुम्हाला दोन महिने विचारत होते. एकानेही वृद्धाश्रमाचं नाव घेतलं नाही. वरच्यांशी भांडायला माझ्या हातात काय होतं?"

टोथबाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या.

मी उठले. "मी उतरते तिथे. रोज. माझा भाऊ आहे. मी तुला खोटं सांगितलं."

फ्रँकने बाही ओढली. "इर्मा, खाली बस! स्वतःहून सापडतेयस!"

"सापडू दे," म्हटलं. "तुझ्या म्हणण्याने मी गप्प राहिले, आणि माझाच थांबा गेला."

सिमोन म्हणाली, "मिसेस पाटाकी, मॉलमध्ये घरचा डबा कोण नेतं? मला त्याच दिवशी शंका आली होती. पण मी मनाने कसं लिहू?" मग मागच्या रांगेतून एक हात वर झाला. मग आणखी एक.

शेवटी सिमोन म्हणाली, "प्रयत्न करते."

प्रयत्न! हा शब्द शाळेच्या वेळीही ऐकला होता.

११ मे

काही नाही.

२ जून

रविवार. सिमोन वृद्धाश्रमाच्या दाराशी! फूटपाथचे फोटो काढत होती. कसले? जागा विकायचीय की काय कुणाला? मी खांबाआड उभी राहिले. ती गेल्यावरच आत गेले.

९ जुलै

नकाशा बदलला. सहा नंबर वृद्धाश्रमावरून जाणार. दाराशीच थांबा, बाक, डोक्यावर छप्पर.

तीनदा वाचलं. काहीतरी मेख असणार.

१० जुलै

सापडली मेख! मधले निम्मे थांबे काढलेत. फ्रँकच्या बेकरीसमोरचाही गेला. मला ब्रेड देताना तो एवढंच म्हणाला, "तुझं झालं ना? मग माझं गिऱ्हाईक मेलं तरी चालेल."

सिमोनला फोन केला, त्याच्यासाठी भांडले. म्हणाली, "सगळीकडे थांबली तर ती पुन्हा जुनीच बस होईल." मी फोन आपटला. तिचं पटलं, म्हणून जास्तच राग आला.

२५ ऑगस्ट

नवी बस सुरू. डबा पोहोचला तेव्हा झाकणाला हात लावता येत नव्हता इतका गरम! बेलाला बाक दाखवला, बस दाखवली. तो काचेला नाक लावून बसलेला. एक गेली, दुसरी आली, तिसरी आली. जेवणाकडे लक्षच नाही. आता हे काय नवीन? नर्सला म्हटलं, नजर ठेवा.

२९ ऑगस्ट

दुपारी डबा भरत होते. बेल वाजली, आणि वाजतच राहिली. साखळी लावूनच दार किलकिलं केलं — या वेळी कोण येणार! कोपऱ्यावर सहा नंबरची बस उभी होती. ड्रायव्हर खिडकीतून माझ्या दाराकडे बघत होता. पायरीवर बेला. वॉकर, कोट, टोपी. डावा अंगठा बेलवरच. मी साखळी काढली. तो मला बाजूला सारून स्वयंपाकघरात गेला आणि त्याच्या जुन्या खुर्चीत बसला.